तीन दिवसांचं मौन : शाळेच्या रिट्रीटची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच कॅथलिक शाळांतून नववी-दहावीच्या मुलांच्या हाती एक पत्रक येतं. रिट्रीट (मौन, प्रार्थना आणि चिंतनाचे तीन दिवस) आहे, चादर, वही आणि पेन आणावं, मोबाइल घरी ठेवावा. पालकांचा प्रश्न ठरलेला : ऐन दहावीत तीन दिवस कशाला घालवायचे? मी शिक्षक म्हणून मुलांबरोबर अशा रिट्रीटना गेलो आहे, आणि हा प्रश्न मला रास्त वाटतो. उत्तरासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं.

एकांतात जाऊन प्रार्थना करणं ख्रिस्ती धर्माइतकंच जुनं. प्रभू येशू स्वतः चाळीस दिवस अरण्यात राहिले. पण दिवस आखून, रोजचे विषय ठरवून आणि सोबत मार्गदर्शक घेऊन करायची जी साधना आज रिट्रीटमध्ये दिसते, तिची घडी एका जखमी शिपायाने बसवली. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. तिशीच्या उंबरठ्यावरच्या या माणसाने पडून असताना वाचायला शौर्यकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग ते कधी दरबारी पराक्रमाची स्वप्नं बघत, कधी संतांसारखं जगण्याची. रमायचं मन दोन्हींत, पण पहिल्या स्वप्नानंतर ते कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. मन रमून झाल्यावर मागे काय उरतं, हे तपासायची सवय त्यांना त्या अंथरुणावर लागली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती लगेच ऐकू लागतात, कारण दिवास्वप्नं त्यांच्या ओळखीची असतात.

पुढे मान्रेसा गावात काही महिने राहून त्यांनी प्रार्थनेतले अनुभव टिपून ठेवले. त्यातून 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक घडलं : चार टप्पे, साधारण तीस दिवस. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी सिसिलीतल्या मेस्सिना शहरात जेज्विटांनी, म्हणजे इग्नेशियस यांनी स्थापलेल्या धर्मसंघाने, आपल्या संघाबाहेरच्या मुलांसाठी विद्यालय उघडलं. साधनेचं पुस्तक आणि शाळा अशी एका वर्षातली भावंडं आहेत.

या पुस्तकाच्या आरंभी वीस सूचना आहेत. मुलांचं रिट्रीट घेणाऱ्याने निदान तीन तरी पाठ कराव्यात, असं मला कळकळीने वाटतं. अठरावी सांगते की माणसाचं वय, शिक्षण आणि कुवत बघून साधना बेतावी. म्हणजे मुलांसाठी तीस दिवसांचे तीन करण्याची मुभा मुळातच आहे. पंधरावीप्रमाणे मार्गदर्शकाने कुठल्या बाजूला न झुकता तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं आणि देवाला त्या जिवाशी थेट बोलू द्यावं. आणि चौदावी : मन भरून आलेलं असताना कुणालाही घाईने वचन देऊ देऊ नये.

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास या पुस्तकाहून जुना आहे. १३२१ मध्ये संत फ्रान्सिस यांच्या संघातले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथे मारले गेले. पोर्तुगीज अंमल आला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतल्यावर संपला. मुंबई परिसरात जेज्विट शिक्षणाने नव्याने मूळ धरलं ते एकोणिसाव्या शतकात. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. पोप अकरावे पायस यांनी १९२२ मध्ये इग्नेशियस यांना साधनेचे आश्रयदाते संत जाहीर केलं, आणि १९२९ मध्ये रिट्रीटवर स्वतंत्र परिपत्रकच काढलं.

आजच्या रिट्रीटचा चेहरा मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा (कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा घडवणारी बिशपांची सभा, १९६२ ते १९६५). मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेज्विट फादर अँथनी डिमेलो यांनी लोणावळ्याच्या 'साधना' संस्थेतून श्वासाकडे आणि कानावर पडणाऱ्या आवाजाकडे लक्ष देत प्रार्थनेत उतरायला शिकवलं. पहिल्या सकाळी मुलांना "डोळे मिटा, श्वास बघा" असं सांगितलं जातं, त्यात या शिकवणीचा मोठा वाटा आहे. दुसरा प्रवाह १९६७ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या एका रिट्रीटमधून निघालेल्या करिस्मॅटिक चळवळीचा : गिटार, टाळ्या, हात उंचावून स्तुती, आणि बरेचदा अश्रू. मुलांना हे आवडतं, मलाही आवडतं. पण गाण्यांनी मौनाची जागा खाल्ली की रिट्रीटची सहल होते.

नवी मुंबईचा प्रश्न आणखी वेगळा. १९७० मध्ये नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे वसाहती उभ्या राहिल्या आणि गोवेकर, मंगळुरी, केरळी कुटुंबांबरोबर चर्च आणि शाळाही आल्या. त्या शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलंही शिकतात. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही; मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून अनेक ठिकाणी ख्रिस्ती मुलांसाठी पापनिवेदन (धर्मगुरूजवळ चुकांची कबुली) आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असलेलं रिट्रीट, तर इतरांसाठी मूल्यशिक्षणाचं शिबिर अशी सोय असते. पंधराव्या सूचनेतल्या तराजूच्या काट्याला हे धरूनच आहे.

शेवटच्या संध्याकाळी आईवडिलांनी गुपचूप पाठवलेली पत्रं वाटण्याची पद्धत आहे. एका वर्षी ऐरोलीच्या एका मुलाला वहीच्या फाडलेल्या पानावर वडिलांच्या चार ओळी आल्या. अक्षर वाकडं, 'तुझे पप्पा' दोनदा गिरवलेलं. तो बराच वेळ जिन्यावर बसून राहिला, मग उठून फादरांकडे आला. "फादर, मला सगळ्यांसमोर शपथ घ्यायची आहे. मी आता पूर्ण बदलणार."

फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज नको, बाळा. घरी जा, पप्पांबरोबर जेव. पंधरा दिवसांनीही असंच वाटलं तर ये, आपण बोलू."