लाल वायर म्हणजे प्लसच असं नाही हं

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात कुठल्याही हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नाहीतर मोल्डिंग शॉपमध्ये पॅनल उघडून बघा, थर्मोकपलच्या (दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला तापमान मोजायचा सेन्सर) वायरींचे रंग जुळतीलच असं नाही, कारण एक मशीन जर्मन, एक जपानी, एक अमेरिकेहून आलेलं सेकंडहँड, आणि या सगळ्यांनी आपापला कलर कोड केलेला.

तारांच्या धातूंप्रमाणे थर्मोकपलचे के, जे, टी, आर, एस असे टाइप असतात, त्यातला सगळ्यात जास्त चालतो तो के टाइप घ्या. अमेरिकन कोडमध्ये पिवळी प्लस, लाल मायनस. हो, लाल मायनस! वायरमन डीसीच्या सवयीने लाल वायर प्लसला लावतो, मग भट्टी तापेल तसा कंट्रोलरवरचा आकडा खाली जातो, त्याला वाटतं अजून गारच आहे आणि हीटर चालूच राहतो. जुन्या जर्मन कोडमध्ये हाच के टाइप लाल प्लस, हिरवी मायनस, जुन्या जपानीत लाल प्लस, पांढरी मायनस. आंतरराष्ट्रीय आयईसी कोडमध्ये हिरवी प्लस, आणि मायनस कुठल्याही टाइपला पांढरीच, हे मला तरी सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पण बाहेरचं कव्हर हिरवं दिसलं की के म्हणून मोकळं होऊ नका, अमेरिकन कोडमध्ये ते आर आणि एस टाइपच्या एक्स्टेन्शन केबलला (थर्मोकपलपासून पॅनलपर्यंत जाणारी वायर) असतं.

म्हणून वायर सोलून चुंबक लावायचा. के टाइपची मायनस तार चिकटते, जे टाइपची प्लस, कारण ती चक्क लोखंडाची असते (गंज दिसला तर चुंबकही नको). टी टाइपची प्लस तांब्याची, नुसती बघूनच कळते.

तरी शंका असेल तर थर्मोकपलचं जोडलेलं टोक उकळत्या पाण्यात धरा आणि दुसऱ्या बाजूला मल्टीमीटर मिलीव्होल्टवर लावा. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी 98 डिग्रीच्या आसपास उकळतं. मीटरच्या बाजूला 25 डिग्री असेल तर के टाइप साधारण 3 मिलीव्होल्ट देतो, जे टाइप जवळपास 3.9. आकडा मायनसमध्ये आला तर पिना उलट्या लागल्यात, म्हणजे प्लस कुठली तेही कळलं.

खरा त्रास एक्स्टेन्शन केबल दोन्ही टोकांना उलटी लागली की होतो. तेव्हा आकडा नीट वर चढतो, कोणाला संशयच येत नाही, पण भट्टीजवळच्या जॉइंटला 60 डिग्री आणि पॅनलपाशी 35 असेल तर रीडिंग सुमारे 50 डिग्री कमी येतं, आणि कंट्रोलर तेवढीच भट्टी जास्त तापवत बसतो.