जोसेफ की-झेर्बो

की-झेर्बो, जोसेफ : (२१ जून १९२२ – ४ डिसेंबर २००६). पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो (पूर्वीचे अपर व्होल्टा) या देशाचे इतिहासकार, शिक्षक आणि स्वातंत्र्यवादी नेते. जन्म फ्रेंच अमलाखालील तोमा या गावी. वडील आल्फ्रेड दिबान हे त्या प्रदेशातील पहिले ख्रिस्ती मानले जातात. त्यामुळे जोसेफ यांचे शिक्षण कॅथलिक मिशनच्या शाळांत झाले. पुढे पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला आणि १९५६ मध्ये अत्यंत कठीण समजली जाणारी ‘आग्रेगास्याँ’ ही अध्यापन-पात्रता परीक्षा ते उत्तीर्ण झाले.

ज्या अभ्यासक्रमात ते इतके निपुण झाले, त्यात आफ्रिकेला स्वतःचा इतिहास जवळजवळ नव्हताच, आणि याच उणिवेतून त्यांचे संशोधन व राजकारण एकत्र उभे राहिले. डाकार (आजच्या सेनेगलची राजधानी) येथे अध्यापन करीत असताना त्यांनी ‘राष्ट्रीय मुक्ती चळवळ’ हा पक्ष स्थापन केला. २८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सचे नेते द गॉल यांनी आफ्रिकी वसाहतींपुढे सार्वमत ठेवले : ‘होय’ म्हणजे फ्रेंच राष्ट्रसमूहात मर्यादित स्वायत्तता, ‘नाही’ म्हणजे तात्काळ स्वातंत्र्य, पण फ्रान्सच्या मदतीविना. की-झेर्बो यांच्या पक्षाने ‘नाही’चा प्रचार केला, मात्र तसा कौल एकट्या गिनीने दिला. फ्रेंच शिक्षक गिनी सोडून गेले, तेव्हा अध्यक्ष सेकू तुरे यांच्या हाकेला प्रतिसाद देऊन की-झेर्बो, त्यांच्या पत्नी जॅकलिन आणि काही सहकारी गिनीची राजधानी कोनाक्री येथे शिकवण्यास गेले. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्याने त्याची किंमत वर्गात उभे राहून चुकवावी, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल.

अपर व्होल्टा ५ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाल्यावर ते मायदेशी परतले. अध्यक्ष मॉरिस यामेओगो यांची सत्ता जानेवारी १९६६ मधील ज्या जनउठावात कोसळली, त्यात कामगार संघटनांबरोबर त्यांचा पक्षही होता.

इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती मुख्यतः १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृष्णवर्णीय आफ्रिकेच्या इतिहासावरील फ्रेंच ग्रंथावर उभी आहे. लिखित दस्तऐवज नाही म्हणून इतिहास नाही, हा समज त्यांनी ठामपणे नाकारला. पुरातत्त्व, भाषाविज्ञान आणि पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी व पराक्रमगाथा मुखोद्गत ठेवणाऱ्या ‘ग्रियो’ कथकांची मौखिक परंपरा ही साधनेही परस्परांशी ताडून पाहिल्यास दस्तऐवजांइतकीच मोलाची ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. युनेस्कोच्या आठ खंडांच्या आफ्रिका-इतिहासाचा पद्धतिशास्त्र व प्रागितिहास यांना वाहिलेला पहिला खंड त्यांनीच संपादित केला. विकास बाहेरून आणता येत नाही, समाजाला तो स्वतःच्या ज्ञानातून घडवावा लागतो, हा विचार त्यांनी पुढे सातत्याने मांडला.

क्रांतिकारी लष्करी नेते टॉमस संकारा १९८३ मध्ये अपर व्होल्टात सत्तेवर आल्यानंतर की-झेर्बो यांना देश सोडावा लागला. डाकारमधील या विजनवासाच्या काळात मायदेशातील त्यांचा सुमारे अकरा हजार पुस्तकांचा संग्रह नष्ट झाला. इतिहासकाराची याहून मोठी हानी कल्पिणे कठीण आहे. १९९२ मध्ये परतून त्यांनी पुन्हा पक्ष उभारला व ते संसदेत गेले. १९९७ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार १९९१ मध्ये मेधा पाटकर व बाबा आमटे यांच्यासह नर्मदा बचाओ आंदोलनाला देण्यात आला होता. पत्रकार नॉर्बर्ट झोंगो यांच्या १९९८ मधील हत्येनंतर न्यायासाठी झालेल्या आंदोलनातही, पंचाहत्तरी उलटलेली असताना, ते अग्रभागी होते. बुर्किना फासोची राजधानी वागाडूगू येथे त्यांचे निधन झाले. तेथील विद्यापीठाला आता त्यांचे नाव देण्यात आले आहे.