आयसीयूचं दार बंद कसं झालं?

आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाच्या कानावर दिवसभर दोनच शब्द पडतात, ‘स्टेबल’ आणि ‘क्रिटिकल’. एका पेशंटला एक पास, भेटीची वेळ संध्याकाळी अर्धा तास. आतून ‘अमक्याचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की सगळा बाक धडपडत उभा राहतो. ही रीत पहिल्यापासूनचीच असावी असं वाटतं, पण अतिदक्षता विभागाची सुरुवात याच्या अगदी उलट झाली होती.

१९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं, त्यातही मुलं, भराभर दाखल होऊ लागली. श्वास देणारं मोठं यंत्र, ‘आयर्न लंग’, तिथे एकच होतं. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. शेवटी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्यांच्या सांगण्यावरून एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली गेली आणि त्यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण बाकीच्यांसाठी पिशवी दाबायला माणसं कुठून आणणार? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने उशाशी बसले, दिवसरात्र, कित्येक आठवडे. एका हाताने पिशवी दाबायची आणि शुद्धीवर असलेल्या पोराला गोष्ट वाचून दाखवायची. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात कायमचा अतिदक्षता कक्ष सुरू केला.

उपचार करणारा हात आणि सोबत करणारं माणूस तेव्हा एकच होतं, आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पुढे पिशवीची जागा व्हेंटिलेटरने घेतली. मॉनिटर आले, सलाइनचे पंप आले. जंतुसंसर्गाची भीती, जागेची अडचण, कामात व्यत्यय नको, अशी कारणं देत घरच्यांना बाहेर बसवलं गेलं. यातली काही कारणं खरीही होती. रुग्ण मात्र झोपेच्या औषधात दिवसचे दिवस पडून राहू लागला.

यंत्र असलं म्हणजे माणूस वाचतोच असं नाही, ते कसं वापरलं यावर बरंच ठरतं, हे २००० साली ठळकपणे दिसलं. फुप्फुसं गंभीर बिघडलेल्यांना व्हेंटिलेटरने मोठे श्वास देण्याऐवजी छोटे दिले, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर येतं, असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आढळलं. झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवलं की व्हेंटिलेटर लवकर सुटतो, हेही त्याच वर्षी कळलं.

घरच्यांना काय हवं असतं, हे नॅन्सी मोल्टर या अमेरिकी परिचारिकेने १९७९ मध्ये ४० नातेवाइकांना विचारलं होतं. सगळ्यात वर आली ती आशा. आपल्या माणसाची इथे कुणाला तरी काळजी आहे, हा भरवसाही त्यांना हवा होता. २००० मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात डॉक्टरांशी बोलून आलेल्या निम्म्याहून अधिक नातेवाइकांना आजार, उपचार किंवा पुढची शक्यता नीट समजलेलीच नव्हती. २००७ मध्ये तिथेच आणखी एक चाचणी झाली. मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांशी डॉक्टर अर्धा तास बोलले, आणि त्यातली चौदाएक मिनिटं घरचे बोलत होते. नेहमीच्या पद्धतीत त्यांच्या वाट्याला पाचच मिनिटं येत. तीन महिन्यांनी या घरच्यांमधली मानसिक आघाताची लक्षणं बरीच कमी निघाली. चौदा मिनिटं ऐकून घ्यायला कुठलंही यंत्र लागत नाही!

ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत दिवसाला बारा तासांपर्यंत भेट खुली ठेवून पाहिली. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. रुग्णांचं भ्रमिष्ट होणं त्याने कमी झालं नाही, पण संसर्गही वाढला नाही, आणि घरच्यांची चिंता व नैराश्य उतरलं. वर्षभरात कोविड आला आणि दारं पुन्हा बंद झाली. कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शन नर्सने धरलेल्या मोबाइलवर झालं.

भारतात अतिदक्षता उपचारांच्या शाखेच्या उभारणीत मुंबईचे डॉ. फारोख उदवाडिया यांचं नाव अग्रभागी आहे. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनेची स्थापनाही १९९३ मध्ये मुंबईतच झाली. आपल्याकडे मात्र दाराबाहेर आणखी एक ओझं असतं, पैशाचं. रोज वाढणारं बिल, गहाण टाकलेले दागिने, आणि शेवटी ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेण्याच्या, कागदावर सही करून घरी नेलेला रुग्ण. हा निर्णय कुटुंबाने घेतला असं कागद म्हणतो. तो कुणी, कशामुळे घ्यायला लावला, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

कायदाही हळूहळू सरकला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं भान हरपून पडलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट, कडक अटींवर, मान्य केली. २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता मिळाली, २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी झाली आणि २०२४ मध्ये गोव्यात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. दोन साक्षीदारांसमोर, धडधाकट असताना केलेली ही सही. ती असली तर रात्री दोन वाजता त्या बाकावरून उठलेल्या मुलाला ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ या प्रश्नाचं उत्तर वडिलांच्याच शब्दांत देता येतं.