फॅनफिक्शनचे व्यावसायिक प्रकाशन

एखाद्या कादंबरीतील, चित्रपटातील किंवा मालिकेतील पात्रे आणि त्यांचे जग घेऊन चाहते ज्या कथा लिहितात त्यांना फॅनफिक्शन, किंवा चाहत्यांच्या बोलीत नुसते ‘फिक’ म्हणतात. अशी कथा आहे त्या रूपात किंवा नावे-गावे बदलून विकणे म्हणजे तिचे व्यावसायिक प्रकाशन. हे लेखन फुकट वाटायचे, असा चाहत्यांमधला जुना दंडक असल्याने या विक्रीकडे कौतुकाने, हेव्याने आणि विश्वासघात झाल्याच्या रागानेही पाहिले जाते. कायद्यापुढचा प्रश्न मूळ लेखकाच्या हक्काचा असतो. चाहत्यांची तक्रार बहुतेक वेळा निराळीच असते, आणि दोहोंची गल्लत केली की हा वाद कळेनासा होतो.

फुकट वाटण्याच्या रीतीमागे सुरुवातीला तत्त्वापेक्षा धास्ती अधिक होती. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत ‘स्पॉकानेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले. अशा ‘झिन’ पुढे मेळाव्यांत आणि टपालाने फिरू लागल्या. त्यांना किंमत असे, पण ती कागद, छपाई आणि टपालखर्च भागवण्यापुरती. नफा कमावणे गैर मानले जाई, कारण मूळ मालिकेच्या मालकांची नजर वळली तर सगळ्यांचीच पंचाईत. पुढे कथा इंटरनेटवर आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर ‘पात्रे माझी नाहीत, यातून मला एक पैसाही मिळत नाही’ अशा अर्थाची ओळ येऊ लागली. कोर्टात तिला फारसे वजन नव्हते. संकटनिवारणाचा मंत्र म्हणावा तशी ती लिहिली जाई. परवानगीची गोष्ट वेगळी होती: १९७६ मध्ये बॅंटम या प्रकाशनाने चाहत्यांच्याच ‘स्टार ट्रेक’ कथांचा संग्रह रीतसर छापला होता.

हा दंडक सार्वत्रिक नाही, हे जपानकडे पाहिले की ध्यानात येते. तेथे चाहते स्वतः छापलेल्या ‘दोजिन्शी’ उघडपणे विकतात. १९७५ मध्ये ३२ गटांनी सुरू केलेला ‘कॉमिक मार्केट’ हा बाजार आता लाखोंच्या गर्दीचा झाला आहे. छपाई थोडक्या प्रतींची असते आणि याच गर्दीतून उद्याचे व्यावसायिक चित्रकार घडतात, म्हणून प्रकाशक सहसा काणाडोळा करतात. सहसाच; १९९९ मध्ये ‘पोकेमॉन’वरील अश्लील दोजिन्शी विकल्याबद्दल एका चित्रकर्तीला अटक झाली होती.

इंग्रजी फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या समुदायात, मात्र धास्तीचेच हळूहळू तत्त्व झाले. २००६ मध्ये एका चाहतीने स्वतः छापलेली ‘स्टार वॉर्स’ कादंबरी अ‍ॅमेझॉनवर विक्रीला ठेवली, तेव्हा फॅनफिक लिहिणाऱ्यांनीच तिला धारेवर धरले: हिच्या हावेपायी बडगा आपल्या सगळ्यांवर येणार! पुस्तक लगेच मागे घेतले गेले. पुढच्याच वर्षी ‘फॅनलिब’ ही कंपनी चाहत्यांच्या कथांवर जाहिरातींचा धंदा मांडू पाहत होती. कमाई कंपनीची आणि कायद्याची जोखीम लिहिणाऱ्यांची, असा तो मामला असल्याने चाहते संतापले. त्याच संतापाच्या सुमारास चाहत्यांच्या मालकीच्या ग्रंथभांडाराची कल्पना पुढे आली. त्यातून २००७ मध्ये ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था आणि २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ (एओ३) उभे राहिले. देणग्यांवर चालणाऱ्या या भांडारात जाहिरात नाही, आणि लेखकाला कथेखाली पैसे मागणारी लिंकही देता येत नाही. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

व्यावसायिक प्रकाशनाची रूढ वाट म्हणजे ‘सिरियल नंबर घासून काढणे’. चोरीच्या वस्तूवरचा क्रमांक कानशीने घासावा तशी मूळ कृतीची ओळख पुसायची. शब्दप्रयोगात गुन्ह्याची छटा आहे आणि ती चाहत्यांनीच, अर्ध्या थट्टेने, ठेवली आहे. सर्वांत गाजलेले उदाहरण ई. एल. जेम्स यांचे. ‘ट्वायलाइट’वरील त्यांच्या ‘मास्टर ऑफ द युनिव्हर्स’ या फिकमध्ये मूळचा रक्तपिपासू नायक आधीच साधा माणूस, म्हणजे बडा उद्योगपती झालेला होता. अशा ‘पर्यायी विश्वा’तल्या कथेत पुसण्यासारखे फार उरत नाही. ‘ट्वायलाइट’च्या एडवर्डचा ख्रिश्चन ग्रे झाला, नायिका बेलाची अ‍ॅनास्टेशिया स्टील झाली, आणि २०११ मध्ये एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रकाशनाने ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ काढले. २०१२ मध्ये व्हिंटेज या बड्या प्रकाशनाने ते उचलले आणि मालिकेच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. प्रकाशक ही दोन वेगळी लेखने असल्याचे सांगत होते. एका वाचक-समीक्षिकेने दोन्ही मजकूर वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले तर साम्य निघाले ८९%. अ‍ॅना टॉड यांच्या ‘आफ्टर’मध्ये ‘वन डिरेक्शन’ या गायकवृंदातला हॅरी स्टाइल्स २०१४ च्या छापील पुस्तकात हार्डिन स्कॉट झाला, तेव्हा ही युक्ती कुणाला नवी राहिली नव्हती.

चाहत्यांना नेमके काय खुपते, हे फिक कशी लिहिली जाते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रकरण टाकले की काही मिनिटांत खाली प्रतिक्रिया येतात. ‘इथे ती गप्प बसणार नाही’ असे कुणी सुचवते, पुढच्या प्रकरणात ती खरेच बोलते, आणि आभाराची ओळ त्या वाचकाच्या नावाने पडते. ‘बीटा’ म्हणजे पहिली वाचक-संपादक. ती रात्री जागून व्याकरणापासून कथानकातल्या भोकांपर्यंत सारे तपासते, आणि तेही बिनपैशाचे. मग एके दिवशी करार होतो आणि कथा उतरवली जाते. याला ‘पुल्ड टू पब्लिश’ म्हणतात. कथेबरोबर तिच्याखालच्या हजारो प्रतिक्रियाही नाहीशा होतात. ‘भेट म्हणून दिलेली वस्तू परत घेऊन आम्हालाच विकली’ हा राग यातला आहे. मालकी हक्काशी त्याचा संबंध नाही, म्हणून नावे बदलून तो शमतही नाही.

उलट बाजूही तितकीच जोरकस आहे. फॅनफिक लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. बायकांच्या श्रमांना ‘प्रेमाचे काम’ म्हणून मोल नाकारण्याची खोड जुनी आहे, ती चाहत्यांनीच का जोपासावी, असे ही बाजू विचारते. अभ्यासक अबिगेल डी कोस्निक यांनी २००९ मध्ये इशारा दिला होता की चाहत्यांनी स्वतः बाजारात पाऊल टाकले नाही तर बाहेरचा कुणीतरी येऊन त्यांच्या कलेवर पैसा करील. फॅनफिकवर हात बसवून पुढे स्वतंत्र कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना सहसा कुणी नावे ठेवत नाही. रोष येतो तो तीच कथा विकल्यावर.

परवान्याचा मध्यममार्ग काही फळला नाही. अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये काढलेल्या ‘किंडल वर्ल्ड्स’मध्ये ठरावीक मालिकांवर कथा लिहून विकता येत, आणि १०,००० शब्दांवरील कथेला ३५% मानधन होते. पण कथेतल्या नव्या कल्पना मूळ मालकाला फुकट वापरता येत, दोन मालिकांची सरमिसळ चालत नसे आणि उघड शृंगारही चालत नसे. फिकमधून एवढे वगळल्यावर चाहत्यांनी तिथे जावे कशाला? योजना २०१८ मध्ये बंद झाली.

न्यायालयांचा कौल प्रकरणागणिक बदलतो. अमेरिकेत २००१ मध्ये ‘गॉन विथ द विंड’ची गुलामांच्या बाजूने उलटतपासणी घेणाऱ्या कादंबरीवरची बंदी अपिलात उठली, तर २००९ मध्ये जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीच्या नायकाला म्हातारपणी दाखवणारे पुस्तक रोखले गेले. चीनमध्ये युद्धकलेच्या कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक जिन योंग यांच्या पात्रांची नावे कॉलेजकथेत वापरणाऱ्या जियांग नान यांच्याविरुद्ध २०२३ मध्ये अपिलात निकाल लागला. पुस्तक नष्ट करायला न सांगता न्यायालयाने, पुन्हा छापल्यास मानधनाचे ३०% मूळ कृतींच्या हक्कधारकाला द्या, असे ठरवले. वादी-प्रतिवादी दोघांचेही वाचक असलेल्यांना हा तोडगा सर्वांत शहाणपणाचा वाटेल.

अलीकडे लपवाछपवी संपली आहे. २०२५ मध्ये हॅरी पॉटर विश्वातल्या ड्रेको-हरमायनी जोडीवरील फिकचे लेखक म्हणून आधीच गाजलेल्यांच्या तीन कादंबऱ्या थोड्या महिन्यांच्या अवधीत आल्या, आणि तो वारसा जाहिरातीतच मिरवला गेला. त्यांपैकी सेनलिन्यू यांच्या ‘अल्केमाइज्ड’मागचे कारण मासलेवाईक आहे. त्यांची ‘मॅनॅकल्ड’ ही फिक लोक छापून, कापडी बांधणी करून परस्पर विकू लागले होते. स्वतःसाठी एक प्रत बांधणे ही फॅन्डममधली जुनी, लाडकी कला. पण विक्री सुरू झाली तेव्हा कायद्याचा धोका सेनलिन्यू यांच्यावर आला. मूळ कथा एओ३वरून उतरवून नव्या विश्वात रचणे हा त्यावरचा उपाय ठरला. उतरवलेल्या फिकच्या जुन्या फाइली मात्र खासगीत फिरत राहतात. त्या मागाव्यात का, आणि मागणाऱ्याला द्याव्यात का, यावर चाहत्यांमध्ये आजही भांडणे होतात.