प्रादेशिक सेना : शस्त्र कोणाच्या हाती, खर्च कोणाच्या माथी

भारतीय लष्कराच्या संघटनेत प्रादेशिक सेनेचे, म्हणजेच बोलीभाषेतल्या ‘टीए’चे, स्थान थोडे चमत्कारिक आहे. कायद्याने ती लष्कराचाच भाग आहे. तिचे जवान तोच गणवेश घालतात, तीच शस्त्रे वापरतात आणि सेवेत असताना लष्करी कायद्याच्याच कक्षेत येतात. तरीही सैन्य हा त्यांचा पूर्णवेळ पेशा नसावा, अशीच तिची मूळ कल्पना आहे. नोकरी, धंदा किंवा शेती सांभाळणाऱ्या नागरिकाने वर्षातील ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यावे, सरकारने हाक दिली की हत्यार उचलावे आणि गरज संपली की आपल्या कामाला परत जावे. ही कल्पना कागदावर साधी दिसते. प्रत्यक्षात तिच्यापुढे पहिल्यापासून दोन प्रश्न उभे राहिले : हत्यार कोणाच्या हाती द्यायचे, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात 1857 मध्ये आहे. उठावाच्या काळात ठिकठिकाणच्या युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रहिवाशांनी स्वयंसेवकांच्या तुकड्या उभारल्या आणि पुढे 1869 च्या कायद्याने त्यांना स्थिर स्वरूप मिळाले. चहामळ्यांचे मालक, रेल्वेचे अधिकारी, मुंबई-कलकत्त्यातील व्यापारी कंपन्यांचे गोरे कर्मचारी हे या दलाचे सभासद असत. अपवाद सोडले तर भारतीयांना तेथे प्रवेश नव्हता. 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास बंदी झाली होती आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती, हे लक्षात घेतले म्हणजे स्वयंसेवक दलातील या बंदीचा अर्थ स्पष्ट होतो. 1885 साली अफगाण सीमेवर रशियाशी युद्धाचा प्रसंग ओढवणार असे वाटू लागले, तेव्हा अनेक सुशिक्षित भारतीयांनी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवण्याची तयारी दाखवली. सरकारने ती नाकारली. 1886 च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने भारतीयांना स्वयंसेवक दलात घ्यावे असा ठराव केला. सुरुवातीच्या काँग्रेसला केवळ अर्जविनंत्यांचे व्यासपीठ म्हणणाऱ्यांनी या मागणीकडे पुन्हा पाहायला हवे. देशाच्या संरक्षणात वाटा मागणे म्हणजे सत्तेत वाटा मागणे, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना चांगलेच कळत होते.

पहिल्या महायुद्धाने ही कोंडी थोडी सैल केली. 1917 च्या भारतीय संरक्षण दलाच्या कायद्याने भारतातील युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवेची सक्ती आली आणि त्याच दलात भारतीयांसाठी एक ऐच्छिक विभाग उघडण्यात आला. लोकमान्य टिळकांनी तरुणांना या दलात नाव नोंदवण्याचे आवाहन केले, कारण लष्करी शिक्षण मिळण्याची संधी दवडू नये असे त्यांचे मत होते. पण ही मदत बिनशर्त असावी हे त्यांना मान्य नव्हते. जून 1918 मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत त्यांनी संरक्षणाचा प्रश्न स्वराज्याशी जोडताच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. मराठी वाचकाला हा प्रसंग राजकीय इतिहासातून परिचित असतो, पण प्रादेशिक सेनेच्या इतिहासातही त्याची जागा आहे.

युद्धानंतर 1920 साली दोन कायदे झाले, आणि वांशिक भेद त्यांनी अधिकच ठळक केला. एका कायद्याने युरोपीय व अँग्लो-इंडियनांसाठी सहायक दल स्थापन झाले, तर दुसऱ्याने भारतीयांसाठी भारतीय प्रादेशिक दल. प्रादेशिक दलात प्रांतांतील पायदळी बटालियन होत्या आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण पथके होती. दोन्ही दलांतील अधिकाऱ्यांचा दर्जा, शस्त्रे आणि सवलती यांतील तफावतीवर मध्यवर्ती विधिमंडळातील भारतीय सदस्य टीका करीत राहिले. जनरल सर जॉन शी यांच्या समितीने विसाच्या दशकात या साऱ्याचा विचार केला खरा, पण दोन दले दोनच राहिली.

सहायक दलाचा एक प्रसंग येथे सांगायला हरकत नाही, कारण तो गोव्यात घडला. मार्च 1943 मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या पथकांतील काही मध्यमवयीन, बहुतेक करून नोकरीपेशातील सभासद एका जुनाट बार्जमधून मुरगाव बंदरात शिरले. तटस्थ पोर्तुगालच्या आश्रयाला थांबलेले एहरेनफेल्स हे जर्मन जहाज त्यांचे लक्ष्य होते. मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर त्याच्यावरील रेडिओवरून शत्रूला पोहोचते, असा ब्रिटिश गुप्तचरांचा संशय होता. ते जहाज बुडाले आणि बंदरातील इतर शत्रूजहाजेही त्यांच्या खलाशांनीच बुडवली. तटस्थ प्रदेशातील ही कारवाई पुढे कित्येक वर्षे गुप्त ठेवण्यात आली. अर्धवेळ सैनिकांचा उपयोग फक्त पूल आणि तारघरे राखण्यापुरता, असे मानणाऱ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे असे आहे. भारतीय प्रादेशिक दलातील बटालियन मात्र महायुद्ध सुरू होताच सेवेत बोलावल्या गेल्या आणि हळूहळू नियमित सैन्यात मिसळून गेल्या.

स्वातंत्र्याबरोबर सहायक दल संपुष्टात आले. 1948 साली संविधान सभेने विधिमंडळ या नात्याने प्रादेशिक सेना कायदा संमत केला आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले. तोच दिवस आजही प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो. विद्यार्थ्यांचा प्रवाह 1948 च्याच एका वेगळ्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेनेकडे गेला. प्रादेशिक सेनेची दारे आता भारताच्या कोणत्याही नागरिकाला खुली होती, आणि गेली साठ वर्षे चाललेला पहिला वाद निदान कायद्यापुरता मिटला.

कायद्याची रचना पाहिली की त्या काळच्या कर्त्यांनी किती बारकाईने विचार केला होता ते दिसते. या सेनेतील माणसाला तीन कारणांसाठी सेवेत बोलावता येते : मुलकी प्रशासनाच्या मदतीला किंवा महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्यासाठी, प्रशिक्षणासाठी अथवा नियमित सैन्याला पूरक म्हणून, आणि नियमित सैन्याशी संलग्न करण्यासाठी. केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय त्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. सेवेतून परतलेल्या कर्मचाऱ्याला मालकाने पुन्हा कामावर घेतले पाहिजे, अशी तरतूद आहे. ती नसती तर खासगी नोकरीतला माणूस या वाटेला गेलाच नसता. सरकारी नोकर आणि सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांतील कर्मचारी यांच्यावर प्रसंगी या सेवेचे बंधन घालण्याची सोयही पुढे कायद्यात करण्यात आली, त्यामुळे ‘स्वयंसेवी’ हा शब्द सर्वांना सारखा लागू पडत नाही.

सुरुवातीचा व्याप मोठा होता. पायदळाबरोबर रणगाडा, विमानविरोधी तोफखाना, किनारी तोफखाना, अभियंते, सिग्नल, वैद्यकीय अशा जवळजवळ सर्व शाखांच्या तुकड्या होत्या. ग्रामीण तुकड्यांचे वर्षातून एकदा सलग शिबिर होई, तर शहरी तुकड्यांचे प्रशिक्षण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांत या सेनेने विमानतळ, पूल, रेल्वेमार्ग आणि तेलाचे साठे राखले. विमानविरोधी तुकड्यांनी प्रत्यक्ष लढाईतही भाग घेतला. परंतु 1962 नंतर नियमित सैन्याचा विस्तार झाला आणि तांत्रिक शाखांतील अर्धवेळ तुकड्या एकतर त्यात सामावून घेण्यात आल्या किंवा बरखास्त झाल्या. 1972 पर्यंत बिगरविभागीय, म्हणजे कोणत्याही सरकारी खात्याने किंवा उपक्रमाने न पोसलेल्या, तुकड्यांत मुख्यतः पायदळच उरले. क्षेपणास्त्रांच्या युगात सुट्टीच्या दिवशीच्या कवायतीवर तोफखाना चालवणे व्यवहार्य नव्हते, हे मान्य केले तरी एक गोष्ट त्यात हरवली : कारखान्यातला कुशल तंत्रज्ञ आपले कसब घेऊन लष्करात येईल, हा मूळ आराखड्यातला सर्वांत आधुनिक विचार होता.

तो विचार काही प्रमाणात टिकला तो विभागीय तुकड्यांत. रेल्वे, इंडियन ऑइल, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि राज्यांची आरोग्य खाती आपापल्या कर्मचाऱ्यांच्या तुकड्या पोसतात. युद्धात, संपात किंवा आपत्तीत अत्यावश्यक सेवा चालू राहावी हा हेतू. नागपूरजवळ कामठीला इंडियन ऑइलच्या कर्मचाऱ्यांची अशी एक बटालियन आहे. या व्यवस्थेतली अडचण मे 1974 च्या रेल्वे संपात उघडी पडली. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सरकारने गाड्या चालवण्यासाठी रेल्वेच्या प्रादेशिक सेना तुकड्यांना पाचारण केले. कालपर्यंत संघटनेचा सभासद असलेला फिटर किंवा ड्रायव्हर गणवेश चढवताच लष्करी कायद्याखाली आला, आणि संप करणे हा त्याच्यासाठी कामगारांचा हक्क न राहता शिस्तभंग ठरला. संप मोडण्यात या तुकड्यांचा वाटा किती, यावर मतभेद असू शकतात. नागरिक आणि सैनिक या दोन भूमिका एकाच माणसात नेहमीच सुखाने नांदत नाहीत, हे मात्र त्या वेळी दिसले. अलीकडे रेल्वेने आपल्या सहापैकी बहुतेक तुकड्या मोडीत काढण्याचा निर्णय घेतला आणि बिहारमधील जमालपूरची तुकडी तेवढी ठेवली. वापर नाही तर खर्च कशासाठी, हा हिशेब त्यामागे होता.

खर्चाचे असेच दुसरे गणित पर्यावरण बटालियनांचे आहे. मसुरीच्या टेकड्या चुनखडीच्या खाणींनी उघड्याबोडक्या केल्या, तेव्हा 1982 साली डेहराडूनला गढवाल रायफल्सशी संलग्न 127 क्रमांकाची पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली. तिच्यात माजी सैनिक घेतले जातात, काम वृक्षलागवडीचे आणि पाणी अडवण्याचे असते, आणि भार संबंधित राज्य सरकार किंवा मंत्रालय उचलते. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या काठी, दिल्लीच्या भाटी खाणींत आणि आसामात अशा बटालियन पुढे निघाल्या. मराठवाड्यासाठीची 136 वी बटालियन 2017 साली उभारली गेली. ती महार रेजिमेंटशी जोडलेली असून तिचे ठाणे छत्रपती संभाजीनगरला आहे. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशात निवृत्त जवानांच्या शिस्तीचा हा उपयोग मला या सेनेच्या अलीकडच्या कामांत सर्वांत सयुक्तिक वाटतो.

पायदळाची कथा वेगळी आहे. महाराष्ट्रात पुण्याची 101 आणि कोल्हापूरची 109 या मराठा लाइट इन्फंट्रीच्या, तर भुसावळची 118 ही ग्रेनेडियर्सची बटालियन. यांच्या भरती मेळाव्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून तरुण लोटतात. श्रीलंकेतील मोहिमेपासून, आणि विशेषतः काश्मीर व ईशान्येतील दीर्घ मोहिमांपासून, पायदळी बटालियन वर्षानुवर्षे सेवेत राहू लागल्या. वर्षाचे दोन महिने कवायत आणि उरलेले दहा महिने आपला धंदा, हे चित्र जवानांच्या बाबतीत मागे पडले. अनेकांना बाहेर धंदाच नसतो. टीए हीच त्यांची नोकरी असते. पण निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेतली वर्षेच मोजली जातात : जवानांना 15, अधिकाऱ्यांना 20. मधल्या काळात घरी सोडले गेले तर ती वर्षे हिशेबातून गळतात. कायद्याने त्याला अर्धवेळ ठरवायचे आणि काम पूर्णवेळाचे घ्यायचे, ही विसंगती आजवर सुटलेली नाही.

काश्मीरमध्ये 2004 पासून स्थानिक तरुणांच्या ‘होम अँड हार्थ’ बटालियन उभारल्या गेल्या. दहशतवादाची वाट सोडलेल्यांनाही त्यांत जागा मिळाली. 162 व्या बटालियनचे लान्स नायक नझीर अहमद वाणी हे त्यांतलेच. नोव्हेंबर 2018 मध्ये शोपियां जिल्ह्यातील चकमकीत ते धारातीर्थी पडले आणि 2019 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. हत्यार कोणाच्या हाती द्यायचे या जुन्या प्रश्नाचे इतके धाडसी उत्तर आधीच्या कोणत्याही सरकारने दिले नव्हते.

नागरिक अधिकारी ही मूळ कल्पना आजही जिवंत आहे. अठरा ते बेचाळीस वर्षांच्या, उपजीविकेचे साधन असलेल्या पदवीधराला परीक्षा आणि निवड मंडळाची मुलाखत पार करून अधिकारी होता येते. महिलांना यातून वगळणे कायद्याला धरून नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये दिला. कपिल देव, मोहनलाल, महेंद्रसिंह धोनी यांच्या मानद पदांमुळे सेनेचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र त्या प्रसिद्धीत काश्मीरमध्ये सलग वर्षे काढणारा जवान झाकला जातो.

आज सुमारे 50 हजार मनुष्यबळाच्या या सेनेचा कारभार दिल्लीतील महासंचालनालयाकडून आणि लष्करी विभागांनुसार नेमलेल्या गट मुख्यालयांकडून चालतो. दक्षिण विभागाचे गट मुख्यालय पुण्यात आहे. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चिघळला असताना केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना या सेनेतील प्रत्येक अधिकारी आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला, आणि 32 पायदळी बटालियनांपैकी 14 बटालियन फेब्रुवारी 2028 पर्यंत सेवेत ठेवण्यास मंजुरी दिली. त्याच आदेशात आणखी एक वाक्य होते, ज्याची वृत्तपत्रांत फारशी चर्चा झाली नाही : अर्थसंकल्पात तरतूद असेल किंवा अंतर्गत बचतीतून पैसे वळवता येतील, तरच बटालियन बोलावल्या जातील, आणि इतर मंत्रालयांच्या सांगण्यावरून बोलावलेल्या तुकड्यांचा खर्च त्या त्या मंत्रालयाच्या खाती पडेल.