पाळी थांबल्यानंतरचे इस्ट्रोजेन आणि आहार

पाळी कायमची थांबली की शरीरातले इस्ट्रोजेन संपते, हा समज अर्धाच खरा आहे. अंडाशयाचे काम थांबते. परंतु मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून येणारे अँड्रोस्टेनडायोन हे संप्रेरक चरबीत पोहोचते आणि तेथील अरोमाटेज नावाचे विकर त्यापासून इस्ट्रोजेन तयार करते. म्हणूनच पन्नाशी ओलांडलेल्या स्थूल स्त्रियांच्या रक्तात ते अधिक आढळते, आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही त्यांना अधिक असतो.

आहाराने यात किती फरक पडतो, हे अमेरिकेतील सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने ५० ते ७५ वयाच्या ४३९ स्त्रियांमध्ये तपासले आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. एका गटाला रोज १२०० ते २००० किलोकॅलरींचा, कमी स्निग्धांशाचा आहार दिला. दुसऱ्याने आठवड्यातून पाच दिवस ४५ मिनिटे व्यायाम केला. तिसऱ्याने दोन्ही केले आणि चौथ्याने काहीच बदलले नाही. वर्षअखेर आहार गटाचे वजन सरासरी ८.५ टक्क्यांनी, तर रक्तातले इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) १६.२ टक्क्यांनी घटले. नुसत्या व्यायामाने ते ४.९ टक्के, तर दोन्ही मिळून २०.३ टक्के उतरले.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो यकृतातला बदल. लैंगिक संप्रेरकांना रक्तात धरून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन यकृतात बनते, आणि रक्तात इन्सुलिन सतत चढे राहिले की त्याची निर्मिती मंदावते. वजन उतरले की इन्सुलिनही उतरते आणि हे प्रथिन वाढते. आहार गटात ते २२.४ टक्क्यांनी वाढले. प्रथिनाने धरलेले संप्रेरक पेशींत सहजासहजी शिरू शकत नाही, त्यामुळे पेशींवर प्रत्यक्ष काम करणारे मुक्त इस्ट्राडायॉल २१.४ टक्क्यांनी, म्हणजे एकूण इस्ट्राडायॉलपेक्षाही जास्त घटले. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या तरुण, स्थूल स्त्रियांची अनियमित पाळी वजन पाच ते दहा टक्के घटल्यावर पुष्कळदा सुधारते, त्यामागेही इन्सुलिनचा मोठा वाटा असतो.

या स्त्रियांनी ‘हार्मोन संतुलित करणारी’ कोणतीही पावडर घेतली नव्हती. त्यांनी नेहमीचेच अन्न बेताने खाल्ले, आणि ज्यांचे वजन जास्त उतरले त्यांची इस्ट्रोजेनची पातळीही जास्त उतरली. मात्र या प्रयोगात मोजली गेली ती रक्तातली संप्रेरके; त्यामुळे पुढे किती कर्करोग टळतील, हे त्यावरून सांगता येत नाही.