पावतीत चूक, म्हणून केस रद्द?

दंडाच्या पावतीवर नावाचं स्पेलिंग चुकलं किंवा काळ्या गाडीचा रंग निळा लिहिला, की खटला आपोआप निकालात निघतो, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तसं होत नाही. लिहिण्यातली किरकोळ चूक बहुतेक न्यायालयं दुरुस्त करू देतात आणि सुनावणी पुढे चालते. न्यायाधीश पाहतात ते हे, की चुकीमुळे चालकाला आरोपच नीट कळला नाही किंवा बचाव मांडता आला नाही, असं झालं का? घटनेची जागा किंवा कलमच भलतं असेल, तर मुद्द्यात खरंच दम आहे. पण तोही सुनावणीत मांडावा लागतो. वाईट वाटतं ते या भरवशावर तारखेला गैरहजर राहणाऱ्यांचं. त्यांच्या माघारी निकाल लागू शकतो, कधी वॉरंटही निघतं.